जावयाने ओळखलेली दुर्बीण

मी फार शहाणा आहे असं मला तिशीच्या आधीपासून वाटत आलं आहे. त्यात सगळा दोष माझा नाही, नोकरीनेही हातभार लावला. देवपुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. प्राध्यापक येत आणि जात, पण कुठल्या सूक्ष्मदर्शकाचं कुठलं भिंग सैल आहे हे मलाच ठाऊक असे. जोडीला घरी एक टेबल मांडून मी मोजणीच्या दुर्बिणी दुरुस्त करायचो. रस्ते, पाट, जमिनी मोजणारे लोक तीन पायांच्या घोडीवर बसवतात, त्या दुर्बिणी. आसपासच्या दोन जिल्ह्यांत हे काम करणारे फार जण नव्हते. नशिराबादचा एक ठेकेदार तर दुर्बीण पोटाशी धरून एस.टी.ने यायचा आणि मी "होईल" म्हणेपर्यंत पाणीही प्यायचा नाही. असं वर्षानुवर्षं झालं की माणूस बिघडतो. मीही बिघडलो.

लग्न झालं ते दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या मुलीशी. तिचे वडील फौजेतून निवृत्त होऊन शेती करत होते. गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. उंच, हाडकुळा माणूस, आवाज कमी, पण एकदा फौजेच्या गोष्टी सुरू झाल्या की ओट्यावरची माणसं उठायची नाहीत. बर्फात दिवसभर पालथं पडून राहायचं, खोकायचं नाही, नाक गोठलं तरी हात हलवायचा नाही, हे ते अशा साधेपणाने सांगत की ऐकणाराही खोकायचं विसरे. कंपनीत शंभरावर माणसं, पण दुर्बीण बसवलेली रायफल दोघांकडेच, आणि त्या दोघांतले एक आबा. लग्नाच्या बोलणीच्या वेळीच मी हे दोनदा ऐकलं होतं. मला ते जरा जास्तच वाटलं होतं, हे आता कबूल करतो.

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आणि पहिल्या वर्षी जावयालाही बोलावणं असतं. त्या दिवशी त्या घरात जावयाचा जो मान असतो तो पाहिला की शहाणा माणूससुद्धा दोन बोटं वर उचलला जातो, माझी तर गोष्टच सोडा. पाय धुवायला पाणी, बसायला नवी सतरंजी, खापरावरचे मांडे आणि रसाची वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. जावई बोलला की सगळे माना हलवणार. भाजीत मीठ नसलं आणि जावई छान म्हणाला, तर भाजी छान. त्याला खोटं पाडायचं नाही, आणि चार माणसांत तर मुळीच नाही.

जेवणं झाल्यावर आबा आत गेले आणि पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. ओट्यावर दहा-पंधरा माणसं होती. आबा म्हणाले, जावाईबापू दुर्बिणींतले जाणकार, त्यांना दाखवायचीच होती. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या मोटरीसाठी ते भुसावळला जुन्या मालाच्या बाजारात गेले होते. तिथे लिलावातून आलेल्या कंडम मालाच्या ढिगात त्यांना ही नळी दिसली. दिसली म्हणजे आधी हाताला लागली. हातात घेतल्याबरोबर त्यांनी ओळखली आणि मोटर न घेताच घरी आले. आपल्या रायफलीवर होती तशीच ही, असं ते म्हणाले. हे म्हणताना चेहरा असा होता की कुणी जुना मित्र स्टेशनवर भेटला असावा.

मी नळी हातात घेतली. वीतभराहून थोडी लांब, जड, पिवळीधमक. सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आणली तेव्हा ती काळीकुट्ट होती. दसऱ्याला घरातली शस्त्रं-अवजारं पुजतात, त्यात हिलाही मांडायची, मग पितळ काळं कसं ठेवायचं? दोन्ही दसऱ्यांना त्यांनी चिंच आणि राख लावून ती घासली होती. काळा रंग गेला आणि रंगाखाली जी काही अक्षरं होती तीही गेली. नळीच्या मध्यावर दोन छोट्या चकत्या होत्या, एक वर, एक बाजूला. वरच्या चकतीवर आकडे होते आणि तिच्या माथ्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा थर.

मी ती रोजच्या सवयीने डोळ्याला लावली. मोजणीची दुर्बीण आपण डोळ्याला अगदी चिकटवून बघतो. आत काळोख, मधे ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड, बाकी काही नाही.

आबा हळूच म्हणाले, "थोडं लांबून पहा, जावाईबापू."

मी आणखी दाबून धरली. म्हटलं, "आबा, हे माझं रोजचं काम आहे." आणि मग ती खाली ठेवून मी सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. ही रायफलची नाही. ही मोजणीच्या दुर्बिणीची मधली नळी आहे. ही चकती उंचीची, ही आडव्या कोनाची. भिंगही गेलेलं आहे, घरात ठेवायला हरकत नाही. चकत्यांबद्दल मी जे बोललो ते मी तिथल्या तिथे रचलं होतं. मला त्या कसल्या आहेत हे माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे म्हणायची मला सवय नव्हती.

आबांनी नळी उचलली, पंच्यात गुंडाळली आणि म्हणाले, "असंल. तुमी शिकेल मानसं." मग त्यांनी मला आणखी रस वाढायला सांगितलं.

मी समजलो की त्यांना पटलं. घरी येताना बसमध्ये मी बायकोला दुर्बिणींचे प्रकार समजावून सांगत होतो, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

गावात असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा एकाने आबांना हाक मारली, "मोजणीवाले आबा, आमना बांध मोजी द्या ना." आबा हसले. मीही हसलो. हळूहळू गावाने एक नवीनच इतिहास तयार केला. आबा फौजेत होते खरे, पण मोजणीच्या खात्यात, साखळी धरणारे. जावयानेच ओळखलं, तो शिकलेला. आणि आबांनी गोष्टी सांगणं थांबवलं. एकदम नाही. आधी रायफल गेली, मग बर्फ गेला, शेवटी फौजच गेली. ओट्यावर पाऊसपाण्याचं, कपाशीच्या भावाचं बोलत. बायको कधीतरी म्हणायची, "बाबा आता काही सांगत नाहीत." मी म्हणायचो, वय झालं की होतं तसं. त्या वेळी आबांचं वय मी आज आहे त्याहून कमी होतं.

अशी तीसेक वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मी निवृत्त झालो. मोजणीची कामं आता बॅटरीवरच्या यंत्रांनी होतात, माझ्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही. आणि गेल्या वर्षी त्या गावाच्या ग्रामपंचायतीने ठरवलं की शाळेच्या आवारात एक काळा दगड बसवायचा. त्यावर गावातून फौजेत गेलेल्यांची नावं आणि प्रत्येकाच्या पुढे त्याने काय काम केलं ते एका ओळीत. अकरा जणांची यादी झाली. आबांच्या नावापुढे ग्रामसेवकाने लिहिलं, 'मोजणी विभाग'. आबांचे फौजेचे कागद कधीच वाळवीने खाल्ले होते. पेन्शनच्या पुस्तकात हुद्दा होता, काम नव्हतं. ग्रामसेवकाने घरी येऊन विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "लिखा मंग तसंच."

बायको त्या आठवड्यात माहेरी होती. परत आली तेव्हा चप्पलही न काढता ती माझ्या टेबलापाशी आली आणि पंच्यातली ती वस्तू समोर ठेवली.

"हे नाव तुम्ही दिलंय," ती म्हणाली. "आता नीट ओळखा. तुम्ही म्हणाला होता तेच निघालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नसेल तर सांगा. दगड पंधरा दिवसांनी कोरायला जाणार आहे."

ती चिडलेली असती तर मीही चिडलो असतो आणि विषय तिथेच संपला असता. पण तिचा आवाज चढलेला नव्हता. वडिलांची फौजेतली पंधरा वर्षं चुकीच्या नावाने दगडावर जाणार होती, आणि ते थांबवायला तिच्याकडे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी पंच्यातून काढली. इतक्या दसऱ्यांनंतर ती झिजून गुळगुळीत झाली होती. मी तिला दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून खिडकीकडे तोंड केलं आणि डोळा लावला. तोच काळोख, तोच ज्वारीचा दाणा. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मग चष्मा पुसायला म्हणून मी डोकं मागे घेतलं, चार बोटं, जास्त नाही, आणि ती नळी एकदम उजेडाने भरली. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, टाकीवरचा गंज, गंजावरून उतरणारी मुंग्यांची रांग.

टाकी सुलटी होती. मला घाम फुटला तो या गोष्टीने. मोजणीच्या जुन्या दुर्बिणीतून जग उलटं दिसतं. मी सगळं आयुष्य माणसांना डोक्यावर चालताना बघितलं आहे, कारण मोजणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही आणि सुलटं करायला जास्तीची भिंगं लागतात. ती भिंगं त्या काळात खर्च करून कुणी घालेल तर तो, ज्याला समोरचा माणूस सुलटाच दिसायला हवा. आणि डोळा चार बोटं मागे का? तर रायफल उडाली की मागे धक्का देते. डोळा चिकटवून ठेवला तर डोळाच फुटेल. आत बघितलं तर मोजणीचं अधिक चिन्हही नव्हतं. खालून वर येणारा एक टोकदार खुंट आणि आडवी एक बारीक रेघ. त्याने जमीन मोजत नाहीत.

एवढं सगळं समजायला फक्त डोकं मागे घ्यायला हवं होतं. आबांनी ते सांगितलंही होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. बायको दारात मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मेथीत हात घातला. मला लाज वाटली. अशी लाज मला पूर्वी कधी वाटलेली नव्हती.

पण रायफलची आहे एवढ्याने काम होत नव्हतं. कुठली? कुणाची? आबा ज्या वर्षांत फौजेत होते त्या वर्षांत ही वापरात होती का? मी नळीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, त्यात बाणाच्या टोकासारखी एक खूण आणि दोनाचा अर्धवट आकडा उमटला. इंटरनेटवर तीन रात्री घातल्या आणि जास्तच गोंधळलो. शेवटी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. ते फौजेत शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते.

"रायफल नाही ना घरात?" त्यांनी पहिला प्रश्न केला. नुसती नळी आहे, तीही कंडम मालातली, हे कळल्यावर त्यांनी ती हातात घेतली. डोळ्याला लावायच्या आधी त्यांनी वरची चकती कानापाशी धरून हळूहळू फिरवली. आतून बारीक टिक टिक ऐकू येत होतं.

"ही बत्तीस नंबर," ते म्हणाले. "जुनी, पण नंतरही खूप वर्षं आपल्याकडे चालली. तुमच्या सासऱ्यांच्या काळात असणार. हिचे तीन नमुने. पहिल्याची टिक जाड असते, ही बारीक आहे, म्हणजे पहिला नाही. दुसरा की तिसरा ते अक्षरांवरून कळतं. अक्षरं कुठे गेली?"

"सासूबाईंनी घासली. चिंचेने."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "दुसरी खूण म्हणजे नेम लावायची रीत. रायफलचा नेम आणि दुर्बिणीचा नेम एक करावा लागतो. पहिल्या दोन नमुन्यांना त्यासाठी खास चावी लागायची आणि धरायला दुसरा माणूस. तिसऱ्याला बारीक स्क्रू आहेत, एकटा माणूस करतो. ते या चकतीच्या माथ्यावर असतात, इथे, या कुंकवाखाली."

मी तिथेच खिशातला पेचकस काढला. त्यांनी माझा हात धरला.

"भाऊ, आधी त्यांना विचारा. मग उघडा. उलटं करू नका. नमुना कळला तरी माणूस सिद्ध होत नाही, बाजारातून नळी कुणीही आणेल. पण कुठला स्क्रू आधी सोडायचा हे बाजारात मिळत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या सांगण्यावरून पेचकस खिशात परत ठेवला.

त्याच रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कप धरला की चहा बशीत सांडायचा. मला बघून ते नेहमीसारखे उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं आणि नळी पिशवीतच ठेवून विचारलं, "आबा, तुमच्या रायफलीवरच्या दुर्बिणीचा नेम तुम्ही कसा लावायचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "कसाले?"

"मला शिकायचंय," मी म्हणालो.

ते खाटेच्या दोऱ्या चाचपत राहिले. मला वाटलं, विसरले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू रायफल मांडीवर आडवी आहे, आणि हवेत बोटं चालवायला लागले. हात तसेच थरथरत होते, पण क्रम चुकत नव्हता. आधी पाच गोळ्या शंभर यार्डांवर. कागद बघायचा. मग वरच्या चकतीच्या माथ्यावरचे बारीक स्क्रू सैल करायचे, काढायचे नाहीत. चकतीचा आकडा एकावर धरून ठेवायचा, मधला खाचेचा दांडा फिरवायचा, टिकटिक मोजायची. मग स्क्रू आळीपाळीने आवळायचे, एकदम एक नाही.

"एकटा करू मी," ते म्हणाले. "पैलीले चावी लागे, नी दोन मानसं लागेत. मंग नवी उनी, ती एकट्यानं व्हये."

मी त्यांना नमुन्यांबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. मी पिशवीतून नळी काढली, कापसावर स्पिरिट घेतलं आणि चकतीचा माथा पुसायला लागलो. कापूस लाल होत गेला. पाच-सहा बोळे झाल्यावर खालून पितळेची कड दिसली, मग कडेला एक बारीक स्क्रू, दुसरा, तिसरा, आणि मधोमध खाच. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. ती एकदम वळून घरात गेली आणि आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. आबा जागचे हलले नाहीत. त्यांनी नळी हातातही घेतली नाही, नुसते तिच्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दगडाच्याच कामासाठी बैठक होती. मी आबांना घेऊन गेलो. ते नको नको म्हणत होते, मीच हट्ट केला. सरपंच, ग्रामसेवक आणि सात-आठ गावकरी होते, त्यातले दोघं तर त्या आखाजीला आबांच्या ओट्यावर बसलेले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नळी रायफलचीच आहे. आबा खरं सांगत होते. मी तेव्हा नीट पाहिलंच नव्हतं, आणि चकत्यांबद्दल जे बोललो ते खोटं रचून बोललो. आबा माझ्या शर्टाची बाही ओढत होते. "जाऊ द्या, जावाईबापू, बसा," असं पुटपुटत होते, आणि मान त्यांनी खाली घातली होती. माझी फजिती त्यांना बघवत नव्हती.

ग्रामसेवकाने विचारलं, "याला काही कागद?"

सरपंच म्हणाले, "मोजणी लिहिलं तेव्हा तरी कुठला कागद होता? तेव्हाही जावईबापूंच्याच शब्दावर लिहिलं होतं. आताही त्यांच्याच शब्दावर लिहा."

कुणी हसलं नाही. यादीत 'मोजणी विभाग' खोडून तिथे 'कंपनीचे निशाणबाज' लिहिलं गेलं, आणि मी ते स्वतः दोनदा वाचून घेतलं.

परत येताना मी खूश होतो. चार माणसांत चूक कबूल केली याचा मला अभिमानसुद्धा वाटत होता. मी बिघडलेला माणूस आहे हे मघाशी सांगितलंच आहे. घरी आल्यावर ओट्यावर बसलो, बायकोने पाणी आणून दिलं, आणि मी जरा मोठेपणानेच म्हणालो, "आबा, तेव्हाच सांगायचं होतं ना. एकदा मला कान धरून लांबून बघायला लावायचं."

"जावाईले घरमा खोटं कसं पाडतू मी?" ते म्हणाले. एवढंच बोलून थांबतील असं वाटलं. पण ते थांबले नाहीत. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "पैले राग उना. मंग काही वरिसनी वाटाले लागनं, तुमीच खरं शेतस. भंगारमाईन उचली आनेल. वर नाव नही, नंबर नही. तुमी रोज दुर्बिनीच देखतस. मी म्हनू, माना हातच चुकना व्हई."

बायको खांबाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "मंग तुमी एकदाबी डोयाले लाई नही का, बाबा?"

"नही," ते म्हणाले. "भेव वाटे."

कसली भीती, ते त्यांनी थोडं थोडं करून सांगितलं. हातात घेतल्याबरोबर ओळखली असं ज्या नळीबद्दल वाटलं, तीच जर दुसरी निघाली, तर बाकीचं जे आठवतं ते तरी खरं कशावरून? बर्फ खरा होता का? तो दुसरा गडी, जो त्यांच्याबरोबर दिवसभर पडून राहायचा आणि एका सकाळी उठला नाही, तो तसाच गेला होता ना? विचारायला बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं. कागद वाळवीने खाल्लेले. मग त्यांनी गोष्टी सांगणं सोडलं, ते गाव हसतं म्हणून नव्हे. सांगताना आपण खोटं बोलतोय की काय, असं त्यांनाच वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं दर दसऱ्याला नळी पाटावर मांडली, कुंकू लावलं, आणि न बघता परत गुंडाळून ठेवली.

मी ज्या गोष्टीला ओट्यावरची फजिती समजत होतो, आणि जी मी आज भरून काढली असं समजत होतो, ती मुळात तेवढी नव्हतीच. मी त्यांच्याकडून त्यांची तरुणपणची वर्षं काढून घेतली होती, आणि ते मला रस वाढत राहिले होते.

आबांनी हात पुढे केला. मी नळी दिली. त्यांनी ती डोळ्याला लावली नाही, मांडीवर आडवी ठेवली आणि चकतीवरून अंगठा फिरवला.

"मंग आते नक्की शे ना, जावाईबापू?"

"नक्की, आबा. तिसरा नमुना. तुम्ही म्हणता तीच."

त्यांनी मान हलवली. जेवायला बसलो, भाकरीचे दोन तुकडे मोडले आणि घास तोंडाशी नेताना थांबून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, हवालदारांचं सांगितलं, उलट्या-सुलट्या टाकीचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, जसं आम्ही कधी त्यांचं ऐकायचो.

सकाळी आम्ही निघालो. मी पाया पडलो, तर त्यांनी माझा हात सोडला नाही. लेक पुढे फाटकापर्यंत गेली आहे हे बघून, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं, नक्की ना.